पट एकतीस, हजर एकतीस

शाळा बंद झाली तेव्हा सुट्टी मुलांना मिळाली, शिक्षकांना नाही. वरून हुकूमच तसा होता. घशाची साथ गावात पसरत होती, म्हणून मुलं घरी राहणार. शिक्षकांनी मात्र रोज साडेदहाला येऊन सही करायची आणि पाचला जायचं. मधल्या वेळात काय करायचं, हे हुकमात लिहायला कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे चौथीचे गुरुजी आधी आजचा पेपर वाचत आणि तो संपला की कालचा काढत. शिपाईमामा दर तासाला सवयीने घंटेपर्यंत जात आणि टोल न देताच परत फिरत. तिसरीच्या बाई तेवढ्या आपल्या वर्गात जाऊन बसत.

वर्गात आता होतं काय? अकरा रिकामी बाकं, खिडकीत वाळत चाललेली कुंडी, आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आखलेली एक चौकट. त्या चौकटीत बाईंच्या सुबक अक्षरात गुरुवारचे आकडे अजून तसेच होते. पट ३१, हजर ३१. बाई रोज डस्टर हातात घेत, फळ्यापर्यंत जात, आणि डस्टर परत टेबलावर ठेवत.

त्या आकड्यांमागे एक ढाल होती. या शाळेत महिनाभर ज्या वर्गाचं एकही मूल गैरहजर नाही, त्या वर्गाच्या दारावर पुढचा महिनाभर ती पितळी ढाल लटकायची. दिसायला काही खास नव्हती, एका कोपऱ्यात चेपलेलीही होती, पण तिच्यापायी भलेभले शिक्षक हातघाईवर यायचे. अकराच्या ठोक्याला शिपाईमामा वही घेऊन वर्गावर्गातून फिरत आणि दारातूनच विचारत, "बाई, पट किती? हजर किती?" त्या क्षणी मूल बाकावर असलं की झालं. म्हणून प्रत्येक वर्गाने दोन चपळ मुलं नेमलेली असत. शाळेत त्यांना 'आणणारे' म्हणत. पावणेअकराला हजेरीत कुणी कमी दिसलं की आणणारे पळत सुटायचे आणि झोपलेल्याला, रुसलेल्याला, पाहुण्यांत रमलेल्याला उचलून पंधरा मिनिटांत बाकावर आणून बसवायचे. सगळेच असं करायचे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतः वर्गशिक्षिका असताना एकदा मुंडण अर्धं झालेल्या पोराला न्हाव्याच्या खुर्चीवरून आणवलं होतं, आणि तो किस्सा त्या दर वर्षी हसत हसत सांगायच्या.

तिसरीकडे ढाल सलग पाच महिने होती. बाईंना त्याचा अभिमान होता. एकट्या राहणाऱ्या बाईच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं दुसरं फार काही नव्हतं, हेही खरं.

गुरुवारी सातवा नंबर उभा राहून म्हणाला होता, "बाई, एकोणीस नाही आली. आजारी आहे, घरी झोपलीय."

सातवा नंबर म्हणजे भोंगा. हजेरीला तो एखाद्या गवयासारखा आधी घसा खाकरायचा आणि मग असा काही 'हजर' ओरडायचा की शेजारच्या वर्गातली मुलं दचकायची. एकोणिसावी म्हणजे पेन्सिल. हातपाय काटकुळे, डोक्यावर तांबडी टोपी, त्यामुळे हे नाव तिला वर्गानेच दिलं आणि तिने ते आनंदाने घेतलं. भोंगा आणि वर्गाची पुढारी ताईसाहेब हे तिसरीचे आणणारे होते.

"खूप आजारी आहे का?" बाईंनी विचारलं होतं.

"काल नुसती शिंकत होती," ताईसाहेब म्हणाली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला चौदा मिनिटं कमी होती, आणि महिना संपायला सहा दिवस. शाळेच्या फाटकावर एक सूचना लावलेली होती: ताप किंवा घसादुखी असलेल्या मुलांना शाळेत पाठवू नये. अक्षर चांगलं म्हणून मोठ्या बाईंनी ती तिसरीच्या बाईंकडूनच लिहून घेतली होती.

"जा," बाई म्हणाल्या. "पटकन या."

खिडकीतून त्यांनी तिघांना येताना पाहिलं. भोंग्याने पेन्सिलला पाठुंगळी घेतलं होतं, तिचं तोंड त्याच्या मानेवर टेकलं होतं. ताईसाहेब मागून तिची चप्पल घेऊन पळत होती. अकराला दोन मिनिटं असताना त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. मामा दारात आले, बाई म्हणाल्या, "पट एकतीस, हजर एकतीस," आणि मामा पुढे गेले. मग बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्यांनी लगेच दोघांना सांगितलं, हिला घरी सोडून या. ते निघाले तसं दारापर्यंत जाऊन हळूच म्हणाल्या, "आणि हे घरी कुणाला सांगत बसू नका. उगाच ओरडा बसेल."

कुणाला बसेल, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलांनीही विचारलं नाही.

त्याच दुपारी शाळा बंद करण्याचा हुकूम आला. रविवारी पेन्सिल गेली.

मंगळवारी बाई रिकाम्या वर्गात हजेरीपट उघडून बसल्या. महिनाअखेरची बेरीज करायची होती. नंबरांवरून बोट फिरवताना चौदा वर्षांची सवय तोंडात आली आणि त्या पुटपुटू लागल्या, एक, दोन, तीन. बोट खाली सरकत होतं. सतरा, अठरा, एकोणीस.

"हजर, बाई."

आवाज पहिल्या बाकावरून आला. घोगरा, घशात काही अडकल्यासारखा, पण तिचाच. 'बाई'मधला 'ई' थोडा लांबवायची तिची लकब होती. बाईंच्या हातातलं पेन घरंगळत खाली गेलं. बाकावर कुणी नव्हतं. लाकडावर कुणीतरी कंपासने कोरलेलं एक फूल तेवढं होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. पाणी देताना मामा म्हणाले, "रिकामी शाळा वाईटच हो बाई. मला तर पोरांचा दंगा ऐकू येतो. कालच मी मोकळ्या मैदानाला ओरडलो, गप बसा म्हणून."

बाई हसल्या नाहीत. मामांना दंगा ऐकू येत होता, त्यांना एकच आवाज. आधीचे अठरा नंबरही घेतले होते की. त्यांपैकी कुणी ओ दिली नव्हती. का दिली नाही, ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. ते अठराजण जिवंत होते.

दुपारी आरोग्य खात्याची तरुण डॉक्टर आली आणि प्रार्थनेच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसली. शाळा रिकामीच होती, तेव्हा तपासणी इथेच सुरू झाली. तिचे डोळे जागरणाने चुरचुरत असावेत, सारखी चोळत होती. बाईंना बोलावून तिने सरळ कागद पुढे ओढला.

"औषध फार थोडं आलंय, बाई. सगळ्या वर्गाला पुरणार नाही. जी मुलं तिच्या अगदी जवळ आली, तोंडाजवळ तोंड, श्वास लागेल इतकी, तेवढीच सांगा. गुरुवारी ती शाळेत होती ना? आई म्हणते, पोरगी एकटीच उठून आली."

बाईंनी मान वर केली. "आई म्हणते?"

"हो. कामावरून परत आली तर मुलगी म्हणाली, मी हजेरी देऊन आले. बिचारीला शाळेचं फार वेड होतं वाटतं. तर कोण कोण?"

बाईंनी बाकावरच्या दोन शेजारणींची नावं दिली. तिसरं आणि चौथं नाव जिभेवर आलं होतं. पण ती नावं दिली की डॉक्टर विचारणार, ही दोघं शेवटच्या बाकावर बसतात, मग तिच्या जवळ कशी? बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. स्वतःलाच समजावलं, दोघं धडधाकट आहेत, दहा मिनिटांत काय होतंय. माणूस स्वतःची समजूत किती झटपट काढतो! दुसऱ्याची काढायला त्याला महिने लागतात.

बुधवारी पेन्सिलची आई आली. ती लाँड्रीत पहाटेच्या पाळीला होती, हात कोपरापर्यंत सोलवटलेले. पोरीच्या वह्या शाळेत राहिल्या होत्या, त्या हव्या होत्या. बाईंनी कपाटातून काढून दिल्या. तिने प्रत्येक वहीवरून पदर फिरवला आणि मग तिथेच, पहिल्या बाकावर, बसली. बरोबर त्याच जागी.

"बाई, एक विचारू? तुम्हाला तरी कळेल," ती म्हणाली. "मी तिला बजावून गेले होते, उठायचं नाही, पेज ठेवलीय ती प्यायची आणि झोपायचं. पण बाहेरून कडी नाही घातली. म्हटलं, एकटीला लागलं काही तर शेजारची आत कशी येईल? कडी घातली असती तर पोर उन्हातून चालत आली नसती. डॉक्टर म्हणतात, अशा तापात चाललं की हृदयावर येतं. म्हणजे माझ्यामुळेच ना?"

"असं काही नसतं," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

"तिचा फार जीव होता तुमच्यावर. त्या ढालीवरही. म्हणायची, आई, माझ्यामुळे ढाल जायला नको." आईने डोळे पुसले आणि उलट बाईंच्याच हातावर हात ठेवला. "तुम्ही नका लावून घेऊ मनाला. किती वाळलात चार दिवसांत."

ती गेल्यावर बाईंनी कपाटाचं दार लावलं. बोलायला तोंड उघडलं होतं, दोनदा उघडलं होतं. एका बाईचं लेकरू गेलं होतं, वर न घातलेल्या कडीचं ओझं ती उरावर वागवत होती, आणि ते उतरवणं एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बाईंच्या घशातून बाहेर पडलं नाही. त्या दिवशी त्यांनी हजेरीपट उघडला नाही, तरी अकराच्या सुमारास पहिल्या बाकावर कुणीतरी श्वास ओढत असल्यासारखं वाटत राहिलं.

गुरुवारी त्या ठरवूनच आल्या की वर्गात जायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत बसल्या, गुरुजींचा कालचा पेपर वाचला. पावणेअकरा झाले आणि पाय आपोआप उचलले गेले. वर्गाचं दार त्यांनी ढकललं. फळ्यावर पट ३१, हजर ३१. हजेरीपट टेबलावर होता. त्यांनी तो उघडला आणि या वेळी पुटपुटल्या नाहीत, मोठ्याने सुरुवात केली, जणू एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

"एक." काही नाही. "दोन." काही नाही. तीन, चार, पाच, सहा. भिंतींनी प्रत्येक आकडा ऐकून घेतला आणि गप्प राहिल्या.

"सात."

शेवटच्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

नुसतं खाकरणं. एखादा गवई सुरुवातीला खाकरतो तसं. त्यानंतर यायचा तो शब्द अजून आला नव्हता. बाईंनी दोन्ही हातांनी कान गच्च झाकले. तो शब्द आला की संपलं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हजेरीपट तसाच टाकून त्या धावत सुटल्या. चौदा वर्षांत त्यांना शाळेत धावताना कुणी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात धावणाऱ्या मुलांना त्या कान धरून उभं करत.

हॉलमध्ये घसा दाखवायला वीस-पंचवीस माणसांची रांग होती. रांगेत तिसरी पेन्सिलची आई होती. बाईंनी तिला पाहिलं. क्षणभर पाय थबकले. डॉक्टरला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. पण बाजूला नेण्यातही एक मिनिट जाणार होतं, आणि मिनिटं वाचवायच्या नादातच तर हे सगळं झालं होतं.

"मॅडम, दोन नावं राहिली," त्या टेबलाला धरून म्हणाल्या. "राहिली नाहीत. मी लपवली. ती एकटी नाही आली. मी आणवली तिला. हजेरीसाठी. वर्गातला एक मुलगा आणि तिची एक मैत्रीण पाठवली, मुलाने तिला पाठीवर घेऊन आणलं आणि तसंच परत नेलं. घरी सांगू नका म्हणून मीच बजावलं होतं. तो मुलगा... मॅडम, आधी त्या मुलाकडे चला."

डॉक्टरने एक प्रश्न विचारला नाही. पत्ता घेतला, पेटी उचलली आणि गाडी काढायला सांगितली. जाता जाता मात्र वळून बाईंकडे अशी काही पाहून गेली की ती नजर त्यांना जन्मभर पुरली.

रांगेतून पेन्सिलची आई बाहेर आली. लोक बाजूला झाले. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं सगळ्यांना वाटलं. बाईंना तर तसं झालेलं हवं होतं. पण ती समोर येऊन नुसती उभी राहिली.

"म्हणजे ती चालली नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"जातानासुद्धा?"

"जातानासुद्धा पाठीवरच. मी खिडकीतून पाहिलं."

तिने एक लांब श्वास सोडला. "आणि कडी असती तरी, मैत्रिणीने हाक मारल्यावर तिने आतून हट्ट धरला असता. शेजारणीने काढली असती." हे ती बाईंना सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. मग तिचे डोळे बाईंवर स्थिर झाले. "काल मी तुमच्या वर्गात बसून रडले. तुमचा हात धरून रडले. तेव्हा का नाही सांगितलंत?"

उत्तराची वाट न पाहता ती परत रांगेत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

भोंगा आदल्या संध्याकाळपासून अंथरुणात होता. घरच्यांनी साधं पडसं समजून गुळण्या दिल्या होत्या. डॉक्टर पोचली तेव्हा त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आणखी एक दिवस गेला असता तर उपयोग नव्हता, असं ती नंतर मोठ्या बाईंना म्हणाली. तो सोळा दिवस इस्पितळात राहिला आणि वाचला. ताईसाहेबला वेळेवर औषध मिळालं, तिला काहीच झालं नाही. फक्त ती कुणाशी बोलेनाशी झाली होती, आणि तिच्यासारख्या मुलीचं न बोलणं घरच्यांना तापाहून भारी गेलं.

बाईंची चौकशी झाली. त्यांनी सगळं लिहून दिलं, एक ओळही गाळली नाही. ढालीची पद्धत कुणी काढली, आणणारे कुणी नेमले, सूचना फाटकावर असताना मोठ्या बाई काय करत होत्या, हे प्रश्न चौकशीत निघाले नाहीत. वर्ष संपेपर्यंत वर्ग सांभाळा, पुढचं पुढे पाहू, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. दुसरी शिक्षिका मिळत नव्हती.

सात आठवड्यांनी शाळा उघडली. बाई सकाळी लवकर आल्या तर वर्गाच्या दारावर पुन्हा ढाल. कचेरीतल्या कारकुनाने इमानेइतबारे हजेऱ्या तपासल्या होत्या. शाळा बंद झाल्यामुळे हजेरीपुरता तो महिना गुरुवारीच संपला होता, आणि गुरुवारपर्यंत तिसरीचं एकही मूल गैरहजर नव्हतं. कागदावर सगळं बरोबर होतं. बाईंनी स्टूल आणलं, ढाल उतरवली आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मोठ्या बाईंनी मान वर केली नाही.

मग वर्गात येऊन त्यांनी हजेरीपट उघडला. गुरुवारची उभी ओळ, एकोणिसाची आडवी. त्या घरात 'ह' होता, त्यांच्याच सुबक अक्षरात. लाल शाईने त्यांनी तो खोडला, वर 'गै' लिहिलं आणि शेजारी सही केली. फळ्याच्या कोपऱ्यातले आकडे ओल्या फडक्याने पुसले. खडू इतके दिवस राहिल्यामुळे त्याचा पांढुरका ठसा मात्र पूर्ण गेला नाही.

घंटा झाली. मुलं आली, आणि आत येताना कुणी धक्काबुक्की केली नाही. पहिल्या बाकावरच्या दोघींनी मधली जागा मोकळी सोडली. बाई हजेरी घेऊ लागल्या.

"सात."

शेवटच्या बाकावर घसा खाकरला गेला. बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली. भोंगा उभा राहिला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि त्याच्या तोंडून सुकं पान चुरगळावं एवढाच आवाज निघाला. "हजर." आवाज कधी परत येईल, येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. बाईंनी मान हलवली. तो खाली बसला.

आकडे पुढे गेले. सतरा, अठरा.

बाई थांबल्या. नाव कमी केलं की तो नंबर घ्यायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नाव कमी केलं नव्हतं.

"एकोणीस."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे, लाकडावरच्या फुलाकडे. त्या ऐकत राहिल्या. व्हरांड्यात कुणीतरी डबा पाडला, बाहेर एक सायकल वाजली. बाकीचं सगळं शांत होतं. कुणीही ओ दिली नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते मुलांपासून लपवलं नाही. ताईसाहेब जागेवरून उठली, पुढे आली, आणि त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली.

अकराला शिपाईमामा दारात आले. दारावरची ढाल उतरली होती, पण वही हातात होतीच.

"बाई, पट किती? तीस ना? म्हणजे हजेरी पुरी."

"नाही मामा," बाई म्हणाल्या. "पट एकतीस, हजर तीस. एकोणीस नाही आली. आजारी आहे, घरी झोपलीय."